गोळ्या-पावडरींनी आयुष्य वाढते का? विदर्भातल्या खेड्यांसाठी नेमका हिशेब

कापूसपट्टा

आठवडी बाजारात आता बियाणे आणि मिरचीच्या शेजारी 'वय थांबवणाऱ्या' पावडरींचेही टेबल लागून राहिले. कोणी साखळी पद्धतीने विकते, कोणी फुकट तपासणीच्या शिबिरात. घेणारा बहुतेक साठीपुढचा. त्याच्या घरात बीपीची गोळी संपलेली असते, पण पावडरीचा डबा भरलेला असतो.

या विषयात तीन वेगळे प्रश्न एकात कालवले जातात. पहिला, शरीरात एखादी गोष्ट कमी आहे, ती भरून काढली तर माणूस सुधारतो का? दुसरा, कमी काहीच नाही, तरी गोळी घेतली तर म्हातारपण लांबते का? तिसरा, माणसाच्या आयुष्याची वरची हद्दच पुढे सरकते का? फ्रान्सच्या जान कालमाँ १९९७ मध्ये १२२ वर्षांच्या होऊन गेल्या, त्यांच्यापुढे पक्की नोंद असलेले कोणी गेलेले नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा 'हो' असते. विकणारा त्याच 'हो'चा पुरावा दाखवतो आणि माल मात्र दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाचा विकतो.

जाणकारांनी मात्रा, वेळ आणि नेहमी होणाऱ्या चुका यांसह लिहावे. गावात वाचून दाखवता आले पाहिजे.

लॅबवाला_भंडारा

मोठ्या चाचण्यांपासून सुरुवात करतो, कारण इथे आकडे पक्के आहेत.

बीटा-कॅरोटिन हे गाजर, आंबा, पालेभाज्यांतले रंगद्रव्य. ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांना कर्करोग कमी, असे निरीक्षणांतून दिसत होते. म्हणून फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. बीटा-कॅरोटिनची मात्रा रोज २० मिलिग्रॅम. १९९४ मध्ये निकाल आला तो उलटा: ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेत १८,३१४ धूम्रपान करणारे, पूर्वी करणारे आणि अॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले लोक घेऊन बीटा-कॅरोटिन आणि 'अ' जीवनसत्त्व एकत्र दिले. ती चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. फुफ्फुसाचा कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त निघाले होते. गाजर खाऊन असे काही होत नाही. धुराने आधीच सुजलेल्या फुफ्फुसात मोठ्या मात्रेतल्या या पदार्थाचे विघटन होते आणि त्यातून निघणारे तुकडेच पेशींना इजा करतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

'ई' जीवनसत्त्वाचेही तेच. रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त, हे २०११ मध्ये ३५,००० हून अधिक पुरुषांच्या चाचणीतून पुढे आले. आपल्याकडे पायात गोळे येतात म्हणून हिरव्या रंगाची तीच ४०० ची कॅप्सूल वर्षानुवर्षे चालू असते. कोणी बंद करायला सांगितलेलेच नसते.

मल्टिव्हिटॅमिनबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ३,९०,१२४ निरोगी प्रौढांची माहिती छापून आली. रोज गोळी घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. त्याआधी २०१२ मध्ये १४,६४१ पुरुष डॉक्टरांच्या चाचणीत कर्करोग ८ टक्के कमी दिसला होता, पण हृदयविकार तेवढाच राहिला. म्हणजे मल्टिव्हिटॅमिन विष नाही, पण त्याने आयुष्य वाढते असे म्हणायला आधारही नाही.

निरीक्षणातून दिसणारा फायदा चाचणीत का विरतो, तेही सांगून टाकतो. जो माणूस स्वतःहून जीवनसत्त्वाची गोळी घेतो, तो साधारण शिकलेला असतो, तंबाखू कमी खातो, तपासणीला वेळेवर जातो. जास्त जगतो तो त्यामुळे, आणि श्रेय गोळीला मिळते. चाचणीत चिठ्ठी टाकून गट पाडतात, त्यामुळे ही भेसळ निघून जाते.

झाडीपट्टी

खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाणाऱ्यांना तोंड उघडेनासे झाले की अँटिऑक्सिडंट कॅप्सूल लिहून देतात. त्यात बीटा-कॅरोटिन असले तर?

लॅबवाला_भंडारा

वरचा धोका धूम्रपान करणाऱ्यांत दिसला, खर्ऱ्यावर ती चाचणी नव्हती. पण खर्ऱ्यासोबत बिडी ओढणारे पुष्कळ आहेत. बिडी चालू असेल तर डॉक्टरला ते स्पष्ट सांगावे आणि बीटा-कॅरोटिन नसलेली कॅप्सूल मागावी. आणि कॅप्सूल चालू ठेवून खर्राही चालू ठेवला, तर तोंडातला तो पांढरा, ताठर पडदा सैल होत नाही. सुपारी बंद होणे हाच तिथला उपचार आहे, कॅप्सूल त्याच्या मागून येते.

पैनगंगाकाठ

रेझव्हेरेट्रॉल, एनएमएन या 'तरुण ठेवणाऱ्या' गोळ्यांच्या जाहिराती आता गावातल्या मोबाइलवरही येतात. 'उंदरांवर सिद्ध' असे लिहिलेले असते. ते खोटे आहे का?

लॅबवाला_भंडारा

अर्धवट आहे. २००६ मध्ये भरपूर चरबी खाऊ घातलेल्या उंदरांवर रेझव्हेरेट्रॉलचा चांगला परिणाम दिसला होता. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेचा एक कार्यक्रम आहे, त्यात एकच पदार्थ तीन वेगळ्या प्रयोगशाळांत, मिश्र वंशाच्या उंदरांवर, एकाच वेळी तपासतात. एका ठिकाणचा योगायोग दुसरीकडे उघडा पडतो. त्या चाळणीत साध्या आहारावरच्या उंदरांचे आयुष्य रेझव्हेरेट्रॉलने वाढले नाही. हळदीतले कर्क्युमिन, ग्रीन टीचा अर्क, मासळीचे तेल, आणि एनएमएनचा सख्खा भाऊ म्हणता येईल असे निकोटिनामाइड रायबोसाइड, हेही तिथे नापास झाले.

पास झाले ते रॅपामायसिन, २००९ मध्ये. ते पूरक अन्न नव्हे, अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात ते औषध आहे. निरोगी माणसाने मागवून खायची वस्तू नाही.

टॉरिन या शरीरातही असणाऱ्या पदार्थाबद्दलही सांगतो, कारण ते एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर छापलेले असते. २०२३ मध्ये उंदरांचे आयुष्य १० ते १२ टक्के वाढल्याचे छापून आले, सोबत वयानुसार माणसात टॉरिन कमी होते असेही. २०२५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी एकेका माणसाला वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा मोजले, तर टॉरिन वयानुसार कमी होतच नव्हते.

तालुका_फार्मासिस्ट

आता दुकानातल्या मालाकडे येऊ. सगळ्यात जास्त गोंधळ 'डी' जीवनसत्त्वाच्या पुडीचा असतो, म्हणून त्यावर सविस्तर.

पुडी किंवा मऊ कॅप्सूल ६०,००० युनिटची असते. कमतरता असेल तर नेहमीचा क्रम आठवड्यातून एक, असे ८ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तर महिन्यातून एक. चूक होते ती अशी: चिठ्ठीवर आठवड्याला एक लिहिलेले असते, आणि घरी बाकीच्या गोळ्यांसोबत ती रोज एक घेतली जाते. महिन्याला १८ लाख युनिट. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीतून धुऊन जात नाही. रक्तातले कॅल्शियम वाढते, तहान-तहान होते, लघवी वारंवार लागते, संडास घट्ट होते, मळमळते, म्हातारा माणूस बरळायला लागतो. घरचे समजतात उन्हाने झाले. मूत्रपिंड बसू शकते, आणि पुडी बंद केली तरी परिणाम कित्येक आठवडे राहतो.

उपाय साधा आहे. पुडीची सांगड बाजाराच्या दिवसाशी घालून द्यावी. बाजार सोमवारी तर पुडी सोमवारी, रात्री वरण-भात-तूप किंवा दुधासोबत, कारण ती चरबीबरोबर नीट शोषली जाते. कॅलेंडरवर ८ सोमवारांभोवती गोल काढायचे, घेतली की फुली मारायची. आणि आधी विचारायचे की गावातल्या कोणी ६ लाखाचे 'ताकदीचे' इंजेक्शन तर दिले नाही ना. इंजेक्शन, पुडी आणि डी-३ असलेली कॅल्शियमची गोळी अशा तिहेरी मात्रा एकाच माणसाला चालू असतात.

एकदम मोठा डोस म्हणजे मोठा फायदा, हा समज मोडायला ऑस्ट्रेलियातली चाचणी आहे. सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, तर त्या जास्त पडल्या आणि हाडेही जास्त मोडली. २०१० चा निकाल आहे. आणि आपल्या पुडीएवढीच, महिन्याला ६०,००० युनिटची मात्रा ऑस्ट्रेलियातच साठीपुढच्या २१,३१५ जणांच्या चाचणीत ५ वर्षे तपासली. २०२२ मध्ये कळले की मृत्यू कमी झाले नाहीत.

मग द्यायचीच नाही का? द्यायची, पण कोणाला ते पाहून. घराबाहेर न पडणारी म्हातारी, कंबर-मांड्यांची हाडे दाबल्यावर दुखणारा, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणारा, मिरगीच्या झटक्यांची औषधे चालू असलेला. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये ७५ च्या पुढच्यांना तपासणी न करताही 'डी' द्यावे असे सुचवले, पण तेही रोजच्या छोट्या मात्रेत, मोठ्या फेकीत नव्हे. आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) रोजचे प्रमाण ६०० युनिट आहे. रिपोर्टात ३० च्या खाली लाल खूण दिसली म्हणून घाबरू नये. हाडांसाठी खरी काळजी २० च्या आणि विशेषतः १२ च्या खाली.

कापूसपट्टा

दिवसभर वावरात राबणाऱ्याला 'डी' कमी कसे, हा प्रश्न नेहमी येतो.

तालुका_फार्मासिस्ट

राबणाऱ्याला सहसा कमी नसते. पण तोच माणूस सत्तरीत ओसरीवर बसतो, डोक्याला दुपट्टा, अंगात बंडी, आणि म्हाताऱ्या कातडीची 'डी' बनवायची ताकदही घटलेली. कामाची किरणे साधारण ११ ते २ मध्ये असतात, सकाळच्या कोवळ्या उन्हात ती फार कमी. हिवाळ्यात त्या वेळी हात-पाय उघडे ठेवून अर्धा तास बसावे. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-नागपूरकडच्या दुपारी म्हाताऱ्या माणसाला उन्हात बसवू नका, तिथे गोळीच बरी.

उपकेंद्र_ताई

लोहाबद्दल मला लिहायचे आहे, कारण आपल्या भागात त्यात एक धोका आहे जो बाकी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी एवढा नाही. सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, नागपूरचा ग्रामीण भाग, सगळीकडे आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कमी असते ते लाल पेशी लवकर फुटतात म्हणून, लोह नाही म्हणून नव्हे. त्यातून रक्त चढवलेले असेल तर प्रत्येक बाटलीसोबत लोह अंगात साठत जाते. अशा माणसाला बाजारातले लोहयुक्त टॉनिक रोज दिले तर ते लोह यकृतात आणि हृदयात बसते. त्याला फॉलिक अॅसिड लागते. लोह लागते की नाही, हे फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाची रक्ततपासणी) पाहून डॉक्टर ठरवतात. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, १ जुलै २०२३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत कार्डही मिळते. कार्ड टॉनिकच्या आधी बघा.

दुसरे, साठीपुढच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन घसरले आणि लोहच कमी निघाले, तर नुसते टॉनिक देऊन मोकळे होऊ नका हो. पाळी नसलेल्या माणसाचे लोह कुठूनतरी गळते आहे. कंबरदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात जखम झालेली असते, मूळव्याध असते, कधी आतड्यात गाठ असते. संडास डांबरासारखी काळी आहे का, हे लोहाची गोळी सुरू करण्याआधी विचारायचे. गोळीनेही संडास काळी होते, मग खूणच पुसली जाते.

तालुका_फार्मासिस्ट

ताईंनी मोलाचे सांगितले. तशीच लपवाछपवी बी-१२ मध्ये होते. बी-१२ कमी असलेल्या माणसाला फक्त फॉलिक अॅसिड ५ मिलिग्रॅम दिले की रक्त सुधारते, रिपोर्ट छान दिसतो, आणि नसांचे नुकसान आतून चालूच राहते.

माझ्या मते खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसासाठी सर्वांत दुर्लक्षित जीवनसत्त्व हेच. माळकरी घरातला शाकाहार, त्यात दूधही चहापुरते. वयाने पोटातले आम्ल कमी झालेले. वर साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि 'गॅस'साठी रोज पॅन्टोप्राझोल, ही दोन्ही बी-१२ चे शोषण कमी करतात. चार कारणे एकाच माणसात जमतात. तळपायाला मुंग्या, चालताना चप्पल निसटते पण कळत नाही, अंधारात तोल जातो, जीभ लाल-गुळगुळीत, विसरभोळेपणा. लोक म्हणतात म्हातारपण आहे. इथे गोळी खरोखर 'म्हातारपण' मागे हटवते, कारण ते म्हातारपण नव्हतेच.

रक्तात २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० काठावर. नसांची लक्षणे असतील तर डॉक्टर १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने सुरुवातीला रोज किंवा दिवसाआड देतात, मग अंतर वाढवतात. लक्षणे नसतील तर रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, मग हजाराची गोळी काऊन? कारण पोटातली नेहमीची वाट बंद असली तरी मोठ्या मात्रेपैकी साधारण १ टक्का आपोआप झिरपतो, आणि तेवढा बस होतो. 'नसांची गोळी' म्हणून मिळणाऱ्या मिश्रणात बी-६ किती आहे तेही पाहा. मोठ्या मात्रेत ते वर्षभर घेतले तर त्यानेच मुंग्या येतात.

वैद्य_वर्धा

इथवर आयुर्वेद आला नाही, म्हणून लिहितो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा आहे, आणि त्यात औषधांसोबत आचार-रसायनही सांगितले आहे: झोप, जागरण न करणे, मद्य टाळणे, दूध-तूप, राग आवरणे. आज विकणारा त्यातला फक्त डबा उचलतो.

आपल्याच समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला जीआय मानांकन आहे, तिच्यात कर्क्युमिन भरपूर म्हणून तिचे नाव. ती भाजीत चिमूटभर घालण्यावर माझा काहीही आक्षेप नाही. आक्षेप आहे तो कर्क्युमिनचा अर्क काढून, त्यात मिरीतले पिपरिन घालून केलेल्या कॅप्सूलवर. पिपरिनने शोषण अनेक पटींनी वाढते, आणि याच प्रकारच्या कॅप्सूलने यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून आल्या आहेत. अश्वगंधेबाबतही यकृताच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्याने ती विचारल्याशिवाय घेऊ नये. गुळवेलीवर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी रुग्ण नोंदवले, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी एक खबरदारी सर्वांना पटावी: डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेली, अंगाला खाज, यातले काही दिसले की काढा, चूर्ण, कॅप्सूल सगळे त्याच दिवशी बंद आणि यकृताची तपासणी.

भस्मयुक्त औषध जत्रेतून किंवा घरोघरी फिरणाऱ्याकडून घेऊ नये. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते, हे २००४ चे.

आणि सर्वांत मोठी फसवणूक सांधेदुखीच्या बिनलेबलाच्या पुड्यांची. दोन दिवसांत गुडघे मोकळे, भूक वाढली, तोंडावर तेज, असे झाले तर त्यात स्टेरॉइड कुटलेले असण्याची शंका घ्यावी. पुढे चेहरा गोल सुजतो, साखर आणि बीपी वाढते, कातडी कागदासारखी होते. महत्त्वाचे म्हणजे कित्येक महिने घेतलेली अशी पुडी एकाएकी सोडायची नाही. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते, एकदम सोडली तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. उरलेली पुडी घेऊन ग्रामीण रुग्णालयात जावे, तिथे हळूहळू कमी करून देतात.

झाडीपट्टी

वैद्यबुवा, च्यवनप्राश साखरवाल्यांना चालतो का?

वैद्य_वर्धा

बाजारी च्यवनप्राशात वजनाने साखरच सर्वांत जास्त असते. मधुमेहींनी त्याऐवजी आवळाच खावा. १०० ग्रॅम आवळ्यात साधारण २५० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व आहे. जेवणासोबत एक आवळा खाल्ला तर भाजी-भाकरीतले लोहही जास्त लागू पडते.

पूर्णाथडी

प्रथिनांच्या पावडरीवर कोणी लिहिले नाही. म्हातारपणी माणूस खचतो तो सर्वांत आधी मांडीच्या स्नायूत, म्हणून मला हा भाग जीवनसत्त्वांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आयसीएमआरचे प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम. वृद्धांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. ज्वारीचे २०० ग्रॅम पीठ म्हणजे २० ग्रॅम प्रथिने. तुरीची कोरडी ५० ग्रॅम डाळ ११. पाव लिटर दूध किंवा दही ८. मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम, ६. एक अंडे ६. झाले ५१. डबा कुठेही लागला नाही. घरात खरी अडचण निघते ती वरणाची. पातळ वरणात माणशी डाळ १५ ग्रॅमही नसते, आणि दात नसल्यामुळे फुटाणे सुटतात. फुटाण्याचे पीठ करून दुधात किंवा ताकात कालवा.

आपल्याकडे सोयाबीन घरचे असते. ते गव्हात दळायचे असेल तर ९ किलो गव्हाला १ किलो सोयाबीन. पण कच्चे दळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा घटक असतो, त्याने पोट फुगते आणि पोळीला उग्र वास येतो. निवडून, उकळत्या पाण्यात २० मिनिटे शिजवून, कडक वाळवून, हलके भाजून मग दळायचे. २०० ग्रॅम पिठामागे साडेपाच ग्रॅमच्या आसपास प्रथिने वाढतात. आणि हे ठळक वाचा: पेरणीसाठी आणलेले, बुरशीनाशक लावलेले गुलाबी-लाल बियाणे उरले तर ते धुऊनसुद्धा खायचे नाही, जनावरालाही घालायचे नाही.

प्रथिने नुसती खाऊन स्नायू येत नाहीत. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न लावता १० वेळा उठबस, दिवसातून दोनदा. क्रिएटिन हे एकच पूरक असे आहे की व्यायामासोबत रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास वृद्धांच्या स्नायूला थोडी मदत होते. पण त्याने रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते आणि मूत्रपिंड बिघडले असा भ्रम होतो, म्हणून तपासणीआधी सांगावे. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाची तक्रार असलेल्याने क्रिएटिन आणि जादा प्रथिने, दोन्ही डॉक्टरला विचारूनच.

पैनगंगाकाठ

मासळीच्या तेलाच्या कॅप्सूलऐवजी जवस चालेल का? आपल्या घरी जवसाची चटणी रोज असते.

लॅबवाला_भंडारा

काही अंशी. १० ग्रॅम जवसात दोन ग्रॅमहून जास्त ओमेगा-३ आहे, पण ते वनस्पती प्रकारचे. मासळीतला प्रकार शरीर त्यातून फार थोडा बनवते. अख्खे जवस न पचता तसेच बाहेर पडते, म्हणून मंद भाजून कुटूनच. उन्हाळ्यात आठ दिवसांपुरतेच कुटा, तेल लवकर खवट होते. वर पाणी भरपूर, नाहीतर पोट आवळते. गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावकाठी बारीक मासळी मिळते, ती आठवड्यातून दोनदा काट्यासकट खाल्ली तर ओमेगा-३ आणि कॅल्शियम दोन्ही येते.

कॅप्सूलचा हिशेबही पाहून घ्या. डब्यावर '१,००० मिलिग्रॅम' मोठ्या अक्षरात असते, ते मासळीच्या तेलाचे वजन. मागे बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचे ओमेगा-३ फक्त ३००. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ७७७ वृद्धांचा अभ्यास आला. रोज १ ग्रॅम ओमेगा-३, तीन वर्षे. डीएनएवरच्या खुणांवरून मोजलेले 'जैविक वय' तीन-चार महिन्यांनी कमी वाढले. आजवरच्या बातम्यांत ही मला सर्वांत प्रामाणिक वाटते, पण ते डीएनएच्या त्या मोजणीतले महिने आहेत. ती माणसे तेवढे महिने जास्त जगली, असे त्यात कुठेही नाही. आणि दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपासच्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

तालुका_फार्मासिस्ट

याच कॅप्सूलवरून साठवणुकीचे सांगतो. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात खोलीच ४५ अंशांपुढे जाते, आणि डब्यावर लिहिलेले असते ३० च्या खाली ठेवा. मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटून गोळा होतो. एक कापून वास घ्या: खवट, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर पूर्ण डबा टाका. फसफसणारी गोळी फुगली किंवा तिच्यावर डाग पडले तर ती ओल धरून बसली आहे. मातीच्या माठाजवळ, भिंतीच्या खालच्या कोनाड्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पण माठाला टेकवून नको.

उपकेंद्र_ताई

आयुष्य वाढवणारी पांढरी पावडर खरोखर असेल तर ती मिठाच्या डब्यात आहे. चीनमधल्या ६०० गावांत २०,९९५ माणसांवर चाचणी झाली. पक्षाघात होऊन गेलेले, किंवा साठीपुढचे आणि बीपी असलेले. निम्म्या गावांना ७५ टक्के साधे मीठ आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण दिले. सुमारे पाच वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल: पक्षाघात १४ टक्के कमी, मृत्यू १२ टक्के कमी. वरच्या कुठल्याही कॅप्सूलला हे जमलेले नाही.

पण पोटॅशियम मूत्रपिंडाच्या रुग्णाला घातक आहे, हृदय थांबू शकते. घरात कोणाचे क्रिएटिनिन वाढलेले असेल, स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असेल, तर हे मीठ त्या स्वयंपाकघरात आणायचेच नाही. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी क्रिएटिनिन-पोटॅशियम तपासून घ्यावे. जिथे हे मीठ चालत नाही तिथे साधे मीठच, पण कमी. ठेच्यात, लोणच्यात, पापडात, कढीत मिळून किती पडते ते पाहा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, सगळे धरून.

कापूसपट्टा

डबा समोर आलाच तर काय पाहायचे, तेही एकत्र लिहा कोणीतरी.

तालुका_फार्मासिस्ट

एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक. तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनीचे नाव येते, डब्यावरच्या नावाशी जुळले पाहिजे. 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' हे शब्द. ज्या डब्यावर ते शब्द आहेत, तोच डबा मधुमेह बरा करतो असे विकणारा सांगत असेल, तर तो कायद्याच्या बाहेर बोलतो आहे. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असे लिहून घटकांची वेगवेगळी मात्रा दिलेली नसेल तर परत ठेवा. कॅल्शियमच्या गोळीवर १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० च. केसांच्या गोळीत बायोटिन १० मिलिग्रॅम असेल तर रक्ततपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा, थायरॉइडचा आणि हृदयविकाराचा रिपोर्ट चुकतो. बी-१२, कॅल्शियम, 'डी' हे जनऔषधी केंद्रात तेच, कमी पैशात मिळते.

झाडीपट्टी

शेवटचे एक. थायरॉइडची गोळी, मेटफॉर्मिन, कॅल्शियम, लोह, बी-१२, सगळे एकाच बाईला लिहून दिलेले असते आणि ती सकाळी चहासोबत एकदम घेते. क्रम सांगा.

तालुका_फार्मासिस्ट

सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी साध्या पाण्यासोबत, मग किमान अर्धा तास चहासुद्धा नाही. मेटफॉर्मिन डॉक्टरने सांगितलेल्या जेवणासोबत. दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम, एका वेळी ५००, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. लोह चार-पाच वाजता, रिकाम्या पोटी, लिंबूपाणी किंवा आवळ्यासोबत. पोट दुखले तर दोन घास खाऊन, पण चहाच्या आधी-नंतर तासभर सोडून. बी-१२ कधीही. आठवड्याची 'डी' ची पुडी बाजाराच्या दिवशी रात्री. वाचता येत नसेल तर पाकिटांवर सूर्याची चित्रे काढून द्या: उगवता, डोक्यावरचा, कललेला. आणि कॅल्शियमच्या पाकिटावर ताटही काढा, कारण कार्बोनेट रिकाम्या पोटी कमी शोषले जाते.